बाळाबाईच्या उशाला

बैलांचा सण बेंदूर तोंडावर आला की करंजघोलच्या मांगवाड्यात कुणाला खोकायलाही सवड नसायची. पण त्या साली पिराजीला खोकण्याखेरीज दुसरं काही जमत नव्हतं.

वर राधानगरीच्या अंगाला धरणाचं काम निघालं होतं. वाड्यातले तरणे गडी दगड फोडायला तिकडं गेले होते, आणि गावातल्या झाडून साऱ्या बैलांच्या वेसणी, कासरे, दावी वळायचं काम म्हाताऱ्या हातांवर पडलं होतं. पाऊस लागला होता तो उघडायचं नाव घेत नव्हता. अंबाडीचा वाख, सालीचे ते तंतू, सादळून हाताला गार लागायचा, पीळ नीट बसायचा नाही, आणि बसलेला पीळ चुलीवर वाळवताना सुटायचा. पिराजी सोप्यात भिंतीला पाठ लावून बसायचा आणि मांडीवरच्या जुडीतून बोटांनी वाख सोडत राहायचा. दुसऱ्या टोकाला त्याची लेक बनाबाई लाकडी फिरकी फिरवत मागं मागं सरायची. दोर वाढेल तसं मागं जायचं, सोपा संपला की दोर गुंडाळून पुन्हा पुढं यायचं. दिवसभर हेच.

दोर वळणारा जन्मभर पाठीकडं चालतो. बना लहान असताना एकदा अशीच सरता सरता शेणाच्या खड्ड्यात बसली होती. तेव्हापासून ती दर चार पावलांना मान वळवून बघायला लागली, आणि मान वळली की हात ढिला पडायचा. पिराजीनं तिला एकदाच सांगितलं होतं, "मागं बगू नगंस. तुझ्या पाठीमागचं मला दिसतंय की." त्यानंतर तिनं मान वळवली नव्हती.

आता मात्र तिला समोर बघवत नव्हतं. आबाच्या बरगड्या सदऱ्यातून मोजून घ्याव्यात अशा वर आल्या होत्या. खोकला आला की तो हातातला वाख सोडायचा नाही, तोंड फक्त खांद्यावर वळवायचा. खांद्यावरचं फडकं तिनं सकाळी धुतलेलं असायचं, दुपारपर्यंत त्यावर गंजासारखे डाग पडायचे.

गावाला त्याच्या छातीशी काय करायचं होतं. रोज कुणाचा ना कुणाचा गडी वाड्याच्या तोंडाशी येऊन हाक मारायचा. बना तयार कासरे घेऊन जायची, दगडावर ठेवायची, मागं सरायची. गडी ते काठीच्या टोकानं उचलून घ्यायचा. पावसात काठी निसटली तर दोर चिखलात पडायचा, आणि मग तो तिच्याकडंच रागानं बघायचा, जणू चिखल तिनं कालवला होता.

पिराजी किरिस्ताव झाला होता ते प्लेगाच्या सालानंतर. त्या साली सगळा वाडा रानात खोपी करून राहिला होता. तिथं पिराजीची बायको बाळाबाई गेली, आणि तिच्या मागोमाग त्याचा धाकटा भाऊ म्हादू याची पोरगी तानी गेली. तानी आपल्या आईपेक्षा बाळाबाईच्याच कुशीत निजायची, म्हणून ओढ्याकाठच्या मसणवटीत तिला बाळाबाईच्या शेजारीच ठेवली. बनाचा नवरा हातकणंगल्याच्या बाजूला होता, तोही त्याच उन्हाळ्यात गेला. बना गाठोडं घेऊन बापाच्या दारात आली तेव्हा बाप खोपीबाहेर बसून रिकाम्या हातांनी दोर वळत होता. हातात वाख नव्हता, बोटं तेवढी फिरत होती.

त्याच दिवसांत कोल्हापूरहून सावळाराम मास्तर औषधाची पिशवी घेऊन खोपीखोपीतून हिंडायचे. ते मूळचे त्यांच्यातलेच. मिशनात शिकलेले, सावकाश बोलणारे. पिराजीनं त्यांना औषध मागितलं नाही. गेलेली माणसं कुठं असतात, एवढंच विचारलं. मास्तर म्हणाले, ती निजली आहेत, एक दिवस उठतील. पुढच्या खेपेला पिराजीनं तेच पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा. बाजारात माणूस एकाच बैलाची किंमत तीन बाजूंनी विचारून बघतो तसं. मास्तरांचं उत्तर बदललं नाही. तेव्हा पिराजीनं भोगावतीच्या पाण्यात उभं राहून डोक्यावर पाणी घेतलं, आणि त्याच्या मागं बनानं घेतलं.

म्हादूनं त्या दिवसापासून भावाच्या घरचं पाणी सोडलं. बोलणं मात्र सोडलं नाही, कारण टोमणा मारायचा तर बोलावं लागतं. येता जाता तो सोप्याशी थांबायचा. आशा लई वाईट, म्हणायचा. आशेपायी माकडाची मूठ गाडग्यात अडकते.

एकदा पिराजीनं वाख खाली ठेवून त्याला उत्तर दिलं होतं. "म्हादबा, पाऊस पडंल का न्हाय, ती एक आशा. ती तुझी बी हाय, माझी बी. ही येगळी. सोयऱ्यानं सांगावा धाडला, येतोय म्हणून. मग बाई चार भाकरी जास्ती थापती का न्हाय? का त्यो दारात उभा ऱ्हाईपतोर पीठच मळत न्हाय? आमी भाकरी थापाय लागलोय, एवढंच."

"आनि सोयरा आलाच न्हाय तर?"

"मग शिळ्या खाऊ. पर चूल इझवायची न्हाय."

म्हादूनं यावर वाडाभर हसून घेतलं. वाड्यात पिराजीला कुणी कुणी काही दिवस 'शिळी भाकरी'च म्हणत होतं.

एक गोष्ट मात्र गावानं त्याच्याकडून काढून घेतली नव्हती. ती म्हणजे कर. बेंदराच्या संध्याकाळी वेशीत आडवा बांधायचा अंबाडीचा जाड दोर, त्यात पिंपळाची पानं ओवलेली. गावचे बैल वाजतगाजत वेशीकडं पळवायचे, पाटलाच्या बैलानं तो तोडायचा, आणि त्याचे तुकडे घरोघर आढ्याला खोवायचे. हा कर पिराजीच्या घरानं वळायचा, आणि त्या मानापोटी ओढ्यालगतची चिंचोळी पट्टी त्याच्या घराकडं चालत आली होती. तिच्यातच तो अंबाडी पेरायचा. किरिस्ताव झाल्यावरही त्यानं कर वळायचं थांबवलं नाही, फक्त त्याला भंडारा लावायचा आणि नारळ फोडायचा ते काम म्हादूकडं दिलं. मास्तरांना ते पटायचं नाही. पिराजी म्हणायचा, दोर हा दोरच असतो, त्यात देव मी घालत नाही, ज्यानं त्यानं आपापला घालावा.

त्या साली त्यानं शेवटचा वळला तो कर. बनाच्या फिरकीला पलीकडून ताण असा लागत नव्हताच. ती स्वतःच हात सैल सोडून पीळ बसवत होती, आणि आपण सैल सोडतोय हे आबाला कळू नये म्हणून मधूनमधून कुरकुरत होती. दोर पुरा झाल्यावर तिनं तो खुंटीला अडकवला. पिराजीनं उठून हात लावून बघितला, एका जागी बोट थांबलं. "हितं ढिला हाय," म्हणाला. मग हसला. "असू दे. तुटायलाच हाय त्यो."

त्यानंतर तो अंथरुणावरून उठला नाही.

म्हादूची बायको धोंडुबाई नवऱ्याचा डोळा चुकवून कुळथाचं कढण आणून द्यायची, उंबऱ्याबाहेर ठेवून जायची. पिराजी दोन घोट घ्यायचा, उरलेलं बनाला प्यायला लावायचा. त्याचे पाय सुजले होते, दाबलं तर बोटाचा खळगा तसाच राहायचा. बना त्यांना तेल लावायची. तळपायाची कातडी जुन्या वहाणेसारखी झाली होती.

एक दिवस तिसऱ्या प्रहरी त्यानं तिला जवळ बोलावलं.

"मास्तर मला कोल्लापूरला न्हेतो म्हणंल. तितं किरिस्तावांची जागा हाय, भिताड घातलेली. न्हेऊ देऊ नगंस."

ती बरं म्हणाली.

"हितंच ठेव. तुझ्या आईच्या उशाला. आनि पाय उगवतीला, म्हंजे उठताना तोंड तिकडं ऱ्हाईल."

हितंच का, असं तिला विचारायचं होतं. कोल्हापूरच्या जागेत फुलझाडं होती, कुणी ढोरं सोडत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण तेवढ्यात खोकल्याची उबळ आली ती दिवेलागणीपर्यंत राहिली, आणि पहाट झाल्यावर बना चूल पेटवून वळली तेव्हा आबाच्या बोटांत वाखाचे चार तंतू होते आणि बोटं थांबलेली होती.

ती रडली नाही. आधी तिनं ते तंतू सोडवले. मग गरम पाणी करून त्याचं तोंड, छाती, सुजलेले पाय पुसले. मग दारात जाऊन 'तात्या' म्हणून चुलत्याला हाक मारली.

वाडा गोळा झाला. बायकांनी गळे काढले, धोंडुबाईनं सगळ्यांत मोठा काढला. म्हादू भावाच्या पायाशी उभा राहिला, वाकला, आणि त्याचा हात पायापर्यंत जाऊन मागं आला. मग तो बाहेर येऊन पावसात उभा राहिला. दोन म्हातारे त्याच्या अंगाला उभे राहिले. त्यांचं आपसांत ठरलेलं दिसत होतं.

म्हादूनं सांगितलं ते असं. मसणवट वाड्याची, किरिस्तावाची नव्हे. पण पिराजी किती केलं तरी आपलं रक्त. तेव्हा बनानं चार माणसांत एवढंच म्हणावं की बाप मरताना परत जातीत आला. त्याच्या कपाळाला भंडारा लावू द्यावा, डोकं दक्षिणेला करून रीतीनं पुरू द्यावं, तिसऱ्या दिवशी निवद ठेवावा. मग जागा वाड्याची, खांदा वाड्याचा, आणि पट्टीही तिच्याकडंच राहील.

"त्यो तसं बोलला न्हाय," बना म्हणाली.

"बोलला न्हाय ते कुणाला ठावं? तू आनि त्यो. त्यो तर आता ऐकायचा न्हाय."

"मी ऐकती न्हवं."

एक म्हातारा म्हणाला, पोरी, शब्दच तर आहे, शब्दाला काय वजन असतंय. बना म्हणाली, वजन नसेल तर तुम्ही तरी कशाला मागताय.

म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. म्हादूच्या गालाचं हाड हललं. पिराजीचंही असंच हलायचं. तिनं दाराची चौकट धरली.

दुपारच्या आत सावळाराम मास्तर आले. आदल्या खेपेला पिराजीला बघून गेले होते, म्हणून लवकर परतले होते. गुडघ्यापर्यंत चिखल, छत्रीची एक काडी मोडलेली. त्यांनी पिराजीच्या शेजारी बसून प्रार्थना केली, त्याच्या कपाळावर हात ठेवला. मग बनाला म्हणाले, गाडी मिळते का बघतो, कोल्हापूरला नेऊ, तिथं आपली जागा आहे, कुणापुढं हात पसरायला नको.

बनानं आबाचं बोलणं सांगितलं. मास्तर म्हणाले की ही माणसं तिथं निवद ठेवतात, अंगारे फुंकतात, त्यांच्यात तो कसा निजेल.

"निजला की जलमभर. त्यांच्यातच जेवला."

मग तिनं त्यांना विचारलं. विचारायला तिला धीर करावा लागला. "मास्तर, माझ्या आईनं पाणी घेतलं न्हवतं. तिला कुणी सांगितलंच न्हवतं. ती उठंल का?"

मास्तरांनी मोडकी छत्री मिटली, उघडली. ते खोटं बोलणारे नव्हते. "मला ठाऊक नाही, बने," ते म्हणाले. "मी स्वतःच्या आईसाठी सुद्धा रोज विचारतो."

तिला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

पाटील गणपतराव आले ते वाड्याच्या तोंडाशीच थांबले. गड्यानं त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती आणि गडी भिजत होता. मढं अजून घरातच कसं, त्यांनी विचारलं. परवा बेंदूर, उद्या बैल धुवायचे, हळद-तुपानं त्यांची खांदेमळणी करायची. मढं पडलेलं असताना गावानं चूल पेटवायची की नाही? दिवस मावळायच्या आत हाललं पाहिजे. कुठं न्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.

म्हादूनं हात जोडून सगळं सांगितलं. पाटलांनी ऐकून घेतलं आणि सरळ निकाल दिला.

"किरिस्तावाला कराचा मान कसला? इतके दिस पिराजीकडं बगून चालवून घेतलं. आता म्हादू कर बांधंल. पट्टी बी त्योच कसंल. पोरीनं जातीत यावं न्हाईतर कोल्लापूरला जावं."

तेव्हा बना आत गेली. खुंटीवरचा कर काढून खांद्यावर टाकला. दोर जड होता, सादळल्यानं आणखी जड. तो तिनं दगडावर आणून ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "आबाच्या हातचा हाय. मान तात्याला द्या, पट्टी बी द्या. आता माझ्याकडनं काढून घ्यायचं काय ऱ्हायलं असंल तर आत्ताच सांगा, म्हंजे मी माझ्या कामाला लागती."

पाटलांशी असं कुणी बोलत नसे. पण पाटलांना हवं ते मिळालं होतं, आणि पाऊस वाढत होता. ते वळले. गड्यानं कर काठीवर घ्यायचा प्रयत्न केला. काठी वाकली. शेवटी त्यानं तो हातानंच उचलला.

बनानं कुदळ आणि पाटी घेतली आणि ती मसणवटीच्या वाटेला लागली.

ओढा भरून चालला होता. करंजीच्या झाडांखाली ओळीनं दगड होते, प्रत्येक दगड एकेका माणसाच्या डोक्याशी. बाळाबाईचा चपटा, तानीचा लहान, वाटोळा. सारी माणसं दक्षिणेला डोकं करून एकाला एक लागून निजलेली. बनानं दोन्ही दगडांच्या वरच्या अंगाला, उगवती मावळती धरून, कुदळीच्या टोकानं आडवी रेघ ओढली. मग पदर खोचला आणि पहिला घाव घातला.

वरची माती मऊ होती. खाली तांबडी चिकट लागली, कुदळीला धरून बसायला लागली. प्रत्येक घावानंतर ती पायानं खरडून काढावी लागत होती. खड्ड्यात पाणी साचत होतं, ती पाटीनं उपसत होती. तळहाताला दोराचे घट्टे होते, तरी कुदळीचे फोड दुसऱ्याच जागी आले. खड्डा गुडघाभर झाला तेव्हा कडेशी पाय दिसले.

म्हादू होता. त्याच्या मागं दोघे म्हातारे, धोंडुबाई, आणि चार बायका. बरंच मागं मास्तर होते. गाडी मिळाली नव्हती.

"भाईर ये," म्हादू म्हणाला.

ती उपसत राहिली.

"आडवा खणतीयास. मेलेल्यांच्या डोसक्यावरनं आडवा. रांग मोडतीयास."

त्यानं पायानं मातीचा ढीग लोटला. माती तिच्या पोटऱ्यांवर आली. तिनं ती पाटीत भरून पुन्हा वर टाकली. त्यानं पुन्हा लोटली. तिनं पुन्हा टाकली.

"मी खणती, तुमी बुजवा," ती म्हणाली. "दिस मावळायला येळ हाय. बगू कुणाचा हात आधी दमतोय."

तेवढ्यात माळावरून लालासाब उतरून आला. माळावरच्या विहिरीचा मालक, त्याच्या मोटेचा नाडा पिराजीच वळायचा, त्याच्या बापाचाही पिराजीच्या बापानंच वळला होता. एका खांद्यावर पहार, दुसऱ्या काखेत धडप्यात गुंडाळलेलं पांढरं कापड. त्यानं खड्डा बघितला, माणसं बघितली, आणि काय चाललंय ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

"दिशेवरनं भांडताय व्हय?" तो म्हणाला. "आमच्यात मयताचं तोंड मावळतीला. तुमचं डोसकं दक्षिणेला. हिच्या बाचं पाय उगवतीला. वरनं बगणाराला चांगलंच घुमवलंय आपण सगळ्यांनी." मग धडपं धोंडुबाईच्या हातात देऊन तो पहार घेऊन खड्ड्यात उतरला. "तात्या, मी पिराजीच्या नाड्यावर निम्मा जलम पाणी प्यालोय. मला ढकलायचं तर ढकला."

म्हादूनं त्याला ढकललं नाही. सारा राग त्यानं पोरीवर काढला. त्याचा आवाज चढला, आणि चढता चढता फाटला.

"उठणार उठणार म्हणून सांगत हिंडला साऱ्या गावाला. एकटाच उठणार व्हय त्यो? पाणी घेतलं म्हणून त्याचा देव त्याला एकट्याला उठिवणार? आनि शेजारी निजल्यात त्यांनी काय करायचं? माझ्या पोरीनं काय करायचं?"

तानी गेल्यापासून म्हादूनं तिचं नाव काढलं नव्हतं. आताही काढलं नाही.

बना कुदळीवर भार देऊन उभी राहिली. मास्तरांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. आबाला कोल्हापूरची जागा का नको होती, हे खोकल्यानं अडवलेलं उत्तर तिला आता, चिखलात गुडघाभर उभं राहिल्यावर कळलं, आणि ते इतकं साधं होतं की आपल्याला आधी कसं सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं.

"तात्या, पहाटं गोठ्यात जाताय न्हवं तुमी," ती म्हणाली. "दावणीतला एक बैल उठून उभा ऱ्हायला की बाकीची काय करत्यात?"

म्हादूनं ढिगावरचा पाय खाली घेतला.

"कोल्लापूरला भिताडाच्या आत उठून आबा काय करंल? वळकीचं एक तोंड न्हाय तितं. म्हणून त्यो हितं आडवा निजतोय. आईच्या उशाला, तानीच्या उशाला. एकानं उठायचं आनि बाकीच्यांनी तसंच पडून ऱ्हायाचं, असली उठवणी त्याला नकोच हुती. मास्तरास्नी ठावं न्हाय. मला बी ठावं न्हाय. पर देवाला एकट्याला उठवून न्ह्यायचा असंल तर आबा जागचा हालणार न्हाय, एवढं मला ठावं हाय. त्यो आईला, तानीला हालवून उठवल्याबिगर हालायचा न्हाय."

मास्तरांनी मान खाली घातली होती. 'असं कुठं लिहिलेलं नाही' असं ते म्हणाले नाहीत.

बनानं पुन्हा कुदळ उचलली. तानीच्या दगडाच्या अंगाची कड सरळ करायची होती. तिनं घाव घालायला हात वर नेला.

"थांब," म्हादू म्हणाला.

तो खड्ड्याच्या कडेशी येऊन उकिडवा बसला. तोंडावरून पाणी ओघळत होतं, पाऊस होता म्हणून बरं.

"तिचा दगड हालल्याला हाय. गेल्या साली पुराच्या पाण्यानं सरकला खाली. मी परत लावला न्हाय. डोसकं तितं न्हाय, ह्या अंगाला हाय." त्यानं हातानं जागा दाखवली, तिच्या कुदळीपासून वीतभर. "वाईच वर सरकून खण."

धोंडुबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तो इथं येत होता, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

बना वर सरकली. म्हादू उठला, आणि बनाची पाटी घेऊन खड्ड्यातलं पाणी उपसायला उतरला. तिघांचा हात लागल्यावर माती भराभरा निघाली.

पिराजीला आणलं तेव्हा पाऊस थोडा हलका झाला होता. पुढच्या खांद्याला म्हादू आणि मास्तर, मागं लालासाब आणि दोघांतला एक म्हातारा. दुसरा म्हातारा लांब करंजीखाली उभा राहिला. तो शेवटपर्यंत जवळ आला नाही, आणि पुढं बरेच दिवस त्यानं म्हादूशी भाषण केलं नाही. लालासाबनं आणलेल्या पांढऱ्या कापडात पिराजी दिसत होता त्याहून लहान वाटत होता. भंडारा कुणी लावला नाही. दोरांवर धरून त्याला खाली सोडलं, डोकं मावळतीला, पाय उगवतीला. मास्तर खाली उतरले, त्यांनी त्याची मान नीट केली, तोंडावरचं कापड ओढायच्या आधी, कुणाला शेवटचं बघायचंय का म्हणून, वर बघितलं.

मग त्यांनी प्रार्थना म्हटली. बना म्हणाली, "मोठ्यानं म्हणा, मास्तर. आईला बी ऐकू जाऊ द्या." मास्तरांनी आवाज चढवला. त्यांच्या गळ्याला तेवढी सवय नव्हती, तो मधेच चिरकला, तरी त्यांनी खाली आणला नाही.

प्रार्थना संपल्यावर मातीची मूठ घ्यायला सगळे वाकले. म्हादू वाकला नाही. तो बनाच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"माझा इस्वास न्हाय," तो म्हणाला. "मी पाणी घेणार न्हाय. मी बेंदराला भंडारा लावणार, नारळ फोडणार. तू मला किरिस्ताव करायला बगू नगंस."

"न्हाय बगत."

"पर समज. नुसतं समज. त्यो उठला, तर..." तो थांबला. "पोरगी आंधाराला भ्यायची. खोपीत दिवा इझला की वरडायची. त्याला म्हणावं, आधी तिला जागं कर. बाळाबाईला मागनं."

धोंडुबाईनं तोंडात पदर कोंबला.

बनाला रडू आलं ते इथं. पण तिनं ते गिळलं, आणि चुलत्याचा चिखलानं भरलेला हात धरून त्याला कडेशी आणलं.

"मी कशाला सांगू? तुमचा भाऊ हाय. अजून माती लोटली न्हाय. तुमीच सांगा."

म्हादू खड्ड्यात उतरला. भावाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून त्यानं दोन्ही पाय फाकून कडांना टेकवले. वाकला, तोंडावरचं कापड थोडं बाजूला केलं आणि कानाशी तोंड नेऊन बोलत राहिला. एका सांगाव्याला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ तो बोलत होता. वर कुणाला काही ऐकू आलं नाही, आणि कुणी घाई केली नाही.